तिसऱ्या मात्रेनंतर

मी डबल बास बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी म्हणजे फुगवलेलं व्हायोलिन नव्हे. ज्या हॉटेलच्या हॉलमध्ये मी दर रविवारी दुपारी उभा असतो, तिथे कुणी ना कुणी माझ्याकडे बोट दाखवून "हे हनुवटीखाली कसं धरायचं?" असं विचारतं आणि स्वतःच हसतं. मी माणसाहून उंच आहे. मला कवेत घेऊन उभं राहावं लागतं. मी वाजत असतो तेव्हा माझ्याकडे कुणाचं लक्ष नसतं आणि थांबलो की सगळ्यांना चुकल्यासारखं होतं.

वाद्यं बनवणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या तळघरात माझा जन्म झाला. त्याने माझं पोट पोकळ ठेवलं आणि त्यात एक छोटा दांडका उभा केला. त्याला ना डिंक, ना खिळा. नुसत्या दाबावर तो उभा असतो आणि त्याच्या जोरावर माझा आवाज. पण आत काय चाललंय ते मला दिसत नाही. तुम्हाला तरी तुमच्या पोटातलं कुठे दिसतं?

तिथून मला एका उंच, अबोल माणसाने नेलं. बँडमध्ये त्याला सगळे 'खांब' म्हणत. घरी बायको आणि एक मुलगी, पण घरात त्याच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ. कामावरून आला की जेवायचा, मला कोपऱ्यातून बाहेर काढायचा आणि वाजवत बसायचा. मुलगी दाराआडून बघायची. तिला त्याने कधी जवळ बोलावलं नाही, हाकललंही नाही. मला तेव्हाही ते खटकायचं.

स्विंगमध्ये, म्हणजे नाचायच्या जॅझमध्ये, बासवाल्याचं काम सांगायला सोपं आहे. एका बारात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, चार मात्रा, प्रत्येक मात्रेला एक स्वर, आणि न थांबता चालत राहायचं. पहिल्या मात्रेला कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्याचा, मूळ स्वर, दुसरी-तिसरीला वाट काढायची, आणि चौथीला असा स्वर द्यायचा की पुढच्या कॉर्डच्या उंबरठ्यावर पाय पडावा. खांबाची चौथी मात्रा ऐकली की अख्खा बँड न सांगता वळायचा.

मग तो रविवार आला. हॉल भरलेला, चार जोडपी नाचत होती. एका संथ गाण्याच्या मधल्या भागाचा शेवटचा बार चालू होता. तिथून गाणं पुन्हा मूळ सुरावर, म्हणजे घरी परततं. खांबाने पहिली मात्रा दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. चौथीसाठी त्याचं बोट तारेवर टेकलं आणि तिथेच राहिलं. त्याचं कपाळ माझ्या मानेवर आलं. डॉक्टर धावत आला, पण त्याच्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला फार रडू आलं, पण लाकडाला रडता येत नाही.

"ते धूड कुणाला तरी देऊन टाक," आई लेकीला म्हणाली. "ते दिसलं की धस्स होतं मला."

"आई, बाबा आयुष्यभर याच्याशीच बोलले," लेक म्हणाली. "आपल्या वाट्याला काय आलं? निदान काय बोलायचे ते तरी कळू दे मला."

लेक आता मोठी झाली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. संध्याकाळी दुकानातून सुटली की बँडमधले पियानोवाले काका ड्रमवाल्याला बरोबर घेऊन हॉटेलच्या रिकाम्या हॉलमध्ये तिला शिकवत. काकांनाही घाई होती. महिनाअखेरीपर्यंत बासवाला मिळाला नाही तर बँड बंद करून स्पीकर लावू, असं हॉटेलच्या मॅनेजरने साफ सांगितलं होतं.

"बोटांकडे काय बघतेस गं? ती कुठे पळून जाणारेत?" काका ओरडायचे. "ड्रमवाल्याची झांज ऐक! जिना उतरताना प्रत्येक पायरी मोजतेस का? चौथी देतानाच पुढचा बार मनात हवा."

पोरीच्या बोटांना फोड आले, फुटले, कातडी जाड झाली. सुरुवातीला ती नुसते मूळ स्वर ठोकायची, दारावर पोस्टमन थापा मारतो तसे. मग हळूहळू स्वरांना स्वर जोडले जाऊ लागले. एके दिवशी काकांनी पियानोवरून हात काढला तरी ती चालतच राहिली. मला तिचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

आणि मग त्यांनी ते संथ गाणं घेतलं.

मधला भाग, शेवटचा बार. पहिली मात्रा, दुसरी, तिसरी. चौथीला तिने तार छेडली. तार हलली, पण आवाज आला नाही.

"वाजव की!" काका म्हणाले.

"वाजवली काका. शपथ."

पुन्हा केलं. खालून येणारा स्वर घेतला, वरून येणारा घेतला, तार बदलली. एरवी मी खणखणीत वाजायचो आणि त्या एका जागी मुका. मी जोर लावत होतो हो! पण जणू त्या वेळी माझ्या पोटात कुणीतरी श्वास रोखून धरायचं.

काकांनी वाद्यं दुरुस्त करणारा बोलावला. त्याने छोटा आरसा आणि दिवा माझ्या पोटात सोडला आणि बराच वेळ बघत राहिला. मग हत्यारं भराभर पिशवीत कोंबायला लागला.

"दांडका जागेवर आहे," तो म्हणाला. "पण आतल्या धुळीत बोटं उमटलीत."

"कुणी हात घातला असेल," काका म्हणाले.

"या फटीतून मुलाचाही हात जात नाही, साहेब."

तो चहालाही थांबला नाही.

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. हॉलमध्ये मॅनेजर हाताची घडी घालून उभा होता. काका तिच्या कानाशी आले. "ते गाणं आपण वगळू."

"नको काका, तेच आधी घ्या. नाहीतर दर रविवारी मी त्याला घाबरत उभी राहीन."

गाणं सुरू झालं. ती सुरेख चालत होती. मधला भाग आला, तो बार आला. पहिली, दुसरी, तिसरी. आणि तिने उजवा हात तारेवरून उचलला.

"बाबा, घ्या," ती पुटपुटली.

स्वर आला. वरून उतरणारा, खोल, रुंद. तार तसूभरही हलली नव्हती. काकांचा चेहरा पांढराफटक पडला, हात तेवढे सवयीने चालत राहिले. पुढची पहिली मात्रा तिने दिली आणि गाणं घरी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अगदी वडिलांसारखं!" मॅनेजर म्हणाला. बँड वाचला.

गोष्ट इथे संपली असती तर मी तोंड उघडलं नसतं.

पुढच्या रविवारीही तिने त्या बारात हात उचलला. मग दुसऱ्या एका गाण्यातही उचलला. मग चौथीबरोबर तिसरीही त्याला दिली. हात हवेत असतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय आनंद असतो म्हणून सांगू! लहानपणी दाराआडून जे मिळालं नाही ते आता तिच्या मिठीत वाजत असतं. तिला थांब कोण म्हणणार? पण नंतर ती तो हात चोळत बसते. काका म्हणतात, बर्फासारखा लागतो. परवा दुकानात तिच्या हातून काच निसटली. आणि गेल्या रविवारी अख्खं एक गाणं तिचा हात हवेतच होता. शेवटी तो खाली घ्यायला गेली, तर लगेच येईना.

तो बाप आहे, मला मान्य आहे. माझ्यावर त्याच्याइतकी माया कुणी केली नाही. पण दिलेली मात्रा तो परत करत नाही.

म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. येत्या रविवारी आलात तर पुढच्या टेबलाशी बसा. टाळ्या वाजवू नका. तिचा हात तारेवरून उचलला जाताना दिसला की मोठ्याने हाक मारा. लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका. माझा आवाज तर आता माझ्या ताब्यात नाही. तिला म्हणावं, बाई गं, चौथी तूच वाजव. चुकली तरी चालेल.