आत्याबाईचं पंचक

सासूनं मराचा दिवस ठरवला होता, अन् तो मी मोडला.

सहासष्टची गोष्ट, देऊळघाटची. सासूले मी आत्याबाई म्हणो. त्याईच्या पोटात गाठ होती, डॉक्टरनं हात टेकले होते. सोमवारी त्याईनं पाणी सोडलं. "पंचक लागाच्या आत जातो मी," म्हणे. त्याईची माय पंचकाच्या पाच दिवसात गेली होती, अन् वर्षाच्या आत त्या घरातले पाच जण मांगं गेले. आता त्याईले सोडून आमच्या घरात पाचच होते. मालक, मी, दोन लेकरं अन् दीर शालिग्राम.

शालिग्राम फौजेत, पठाणकोटले. त्याले तार केली होती. मी लग्न होऊन आलो तवा तो पाच वर्षाचा, माह्याच हातचं खाऊन वाढला. त्याले मायचं तोंड दिसलं पाह्यजे, एवढंच माह्या डोक्यात.

घरात वाचता मलेच ये. "आशे, पंचांग पाह्य. कवा लागते?"

पंचांगात शुक्रवार दुपार होती. मी म्हणलं, "आजच लागलं, आत्याबाई. शुक्रवार सकाळलोक जाता येत नाही तुमाले."

वाटलं, सकाळच्या यष्टीनं तो येईन, अन् खरं पंचक लागाच्या आत बुढी सुटीन.

"अवं माय वं!" बुढीनं असं पाह्यलं, जसं मीच लावलं. मंग म्हणे, "पाणी दे."

चार दिवस बुढी पदर दातात धरून पडली. रोज विचारे, "किती राह्यलं वं?" मले माह्याच तोंडाचा राग ये.

शुक्रवारी सकाळची यष्टी आलीच नाही. दहा वाजता बुढीनं विचारलं. तवाच "सुटलं" म्हणाचं होतं, पण शालिग्राम आला नोता. मी म्हणलं, "जरासं राह्यलं."

शालिग्राम दोनले आला. खरं पंचक लागून अर्धा घंटा झाला होता. बुढीनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, अन् माह्याकडं पाह्यलं. "सुटलं का?"

नाही म्हणलं तं अजून पाच दिवस हेच हाल. वट्यावर माह्ये लेकरं भांडून राह्यले होते. बुढीनं परत पदर दातात धरला.

"सुटलं, आत्याबाई."

"बरं झालं वं माय."

दिवस बुडाच्या आत गेली.

जोशी महाराजानं पंचांग पाह्यलं. "पंचक हाये. पाच जणाइच्या बदल्यात कणकीचे पाच पुतळे करा, मयतीसंग जाळा लागते."

मालक माह्याकडं वळले. "तू तं सुटलं म्हणे न?"

कणीक मीच मळली. पह्यला पुतळा केला, अन् मनातल्या मनात त्याले माह्यं नाव देल्लं. दुसऱ्यासाठी गोळा घेतला, अन् हात चालेच ना.