पक्की फरशी

शालिकरामवर मी पहिल्या अर्ध्या तासातच वैतागले. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. लेबर कोर्टानं त्याला डोकं तपासायला रामदासपेठेतल्या आमच्या दवाखान्यात पाठवलं होतं, आणि हा गडी प्रत्येक प्रश्नाला ‘हे कशाले?’ म्हणून मलाच विचारायचा. सावनेरकडच्या कोळसा खाणीत वर्षापूर्वी त्याच्या डोक्यात दगड पडला होता. बरा झाल्यावर साहेबांनी त्याला वरच, खाणीत उतरणाऱ्यांना दिवे वाटायला बसवलं. त्याला मात्र खाली, आपल्या जुन्या कामावरच जायचं होतं. त्यासाठी त्यानं केस टाकली होती.

ठोकळे त्यानं झटपट जुळवले, आकडे उलटे म्हटले, घड्याळाची टिकटिकही दोन्ही कानांनी ऐकली. चांगला ठणठणीत होता की! मी अहवाल लिहायला घेतला, तेवढ्यात त्याची बायको वच्छला जवळ येऊन हळूच म्हणाली, “बाई, यायले आवाज समजून नाही राहिला.” परवा बाजारातून त्यानं चांगला वाजवून माठ आणला, तो चिरलेला निघाला.

ऐकू येतं आणि समजत नाही? मला काही राहवेना. खाली तुमचं काम तरी काय, असं मी त्याला विचारलं, तेव्हा तो पहिल्यांदा खुलला. पाळीच्या आधी सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, खाणीचं छत ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर छत पक्कं, पोकळ आला तर दगड सुटलेला. तो ‘चला’ म्हणाला की मगच बाकीचे आत येत. अठरा वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

असली चाचणी माझ्या पेटीत कुठून असणार! पण आमच्या व्हरांड्याची फरशी जागोजाग सुटलेली होती. घरमालकाच्या नावानं मी रोज खडे फोडायची. पडद्याची सळई काढून मी शालिकरामच्या हातात दिली. तो ठोकत निघाला. पहिली पक्की, दुसरी पक्की. तिसरी इतकी पोकळ वाजली की मलासुद्धा कळलं.

“पक्की हाय,” तो म्हणाला.

वच्छलानं तोंडाला पदर लावला. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग खाली बसून फरशीच्या फटीत बोटं घातली. फरशी अलगद वर आली.

मला फार वाईट वाटलं. ठोकळ्यांत त्याला पैकीच्या पैकी होते, आणि फरशीचं कोर्टानं विचारलंच नव्हतं. मी अर्धवट राहिलेला अहवाल हातात घेतला.

त्यानं फरशी जागच्या जागी ठेवली, हात झटकले.

“माह्या मागं बारा जण अंदर येतेत, बाई,” तो म्हणाला. “लिहून टाका.”