चौथा फड

एकोणीसशे शेहेचाळीसच्या हिवाळ्यात धुळ्याच्या एका विकास समितीसाठी मी बावीस पानांचं टिपण लिहिलं. शेताचे विखुरलेले तुकडे जोडून प्रत्येकाला एकसलग जमीन दिल्याशिवाय देशाचं उत्पन्न वाढणार नाही, असं त्यात होतं. मंगळवारी ते वाचायचं होतं. पण मी अर्थशास्त्राचा मास्तर; नांगर कधी धरलेला नाही, सगळं पुस्तकांतून काढलेलं. धीर होईना, म्हणून सोमवारी साक्रीजवळ पांझरेकाठच्या एका गावी गेलो.

पाटाचं पाणी शेतांना सोडणारा सुपडू पाटकरी तिथे भेटला. त्याला टिपण समजावता समजावता पाटात घसरलो आणि गुडघ्यापर्यंत भिजलो.

गहू निंदणारी भागाबाई हसली. "मास्तरले पाट वलांडता येत नई, आनि वावरं जोडाले निघनात!"

सुपडूनं मला हात दिला आणि पाटाखालच्या जमिनीचे चार मोठे भाग दाखवले. "मास्तर, आठे चार फड शेतस. बठ्ठासना टुकडा चारी फडमा शे. यंदा बंधाराले पानी कमी, तो खालना फड आमीन कोल्ला ठेवा, पेराच नई."

"तो कुणाचा?"

"बठ्ठासना. पाटीलना, मना, हाई भागाबाईना बी."

तीन फडांत गहू वाऱ्यावर हलत होता. चौथा उघडा, भेगाळलेला. पाटलाची रुंद पट्टी आणि भागाबाईची चिंचोळी पट्टी तिथे शेजारी शेजारी सारखीच कोरडी पडली होती.

"हे ठरवलं कुणी?"

"काय माहीत. मना आजाना आजा बी आसंच करे."

भागाबाईनं खुरपं थांबवलं. "तुमीन टुकडा जोडशात, मास्तर, मंग कोनं वावर कोल्लं ठेवशात? मनंच ना?"

टंचाई वाटून कशी घ्यावी, हे मी चाळीस वर्षं पुस्तकांत शोधत होतो. ते इथे जमिनीवर आखलेलं होतं, आणि मी ते पुसायला निघालो होतो. ओल्या धोतरानंच चौथ्या फडाच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

मंगळवारी समितीत माझं नाव पुकारलं. "टिपण चुकलंय," मी म्हणालो. "फडाची गावं यातून वगळावीत."

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधार कोणता?"

"भागाबाई."

कुणीतरी हसलं. हसणं ऐकूनही आयुष्यात पहिल्यांदाच मी खाली बसलो नाही. चौथ्या फडाबद्दल सांगू लागलो.