एकतीस हजारांत एकही नाही

फळांच्या पॅकहाऊसमध्ये तिला सगळे माशीबाई म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. कामच तसं होतं. बाकीच्या बायका फळं पुसायच्या, निवडायच्या, पेट्यांत भरायच्या. ही मागच्या दोन खोल्यांत जाळीच्या पिंजऱ्यांतून फळमाश्या पाळायची. हजारोंनी. त्यांना साखरपाणी द्यायची, खोली उबदार ठेवायची, अंडी घालायला चांगली पिकलेली फळं आत सरकवायची. नवरा शाळेची बस चालवायचा. तो ओळखीपाळखीत सांगे, "लोक माश्या मारतात, आमच्याकडे त्यांचं बाळंतपण होतं."

पाळायच्या त्या मारण्यासाठीच: अळ्या मारायचा उपाय खरंच लागू पडतो का, ते तपासायला. परदेशी जाणाऱ्या फळात एक जरी जिवंत अळी निघाली तरी सगळा माल बंदरावरूनच परत येतो. म्हणून इतकी वर्षं फळांच्या पेट्या शेडमध्ये रचून, ताडपत्रीखाली झाकून त्यांना गॅस देत. गॅस जालीम. आतलं काही वाचत नसे. पण ताडपत्री उचलली की तो वर जायचा, आणि पृथ्वीच्या डोक्यावर उन्हापासून राखणारं जे ओझोनचं छत्र आहे, त्याला कुरतडायचा. सगळ्या देशांनी मिळून तो बंद करायचं ठरवलं. शेतातला थांबला, गोदामातला थांबला. फक्त देशोदेशी जाणाऱ्या मालासाठी सवलत राहिली. दार लावून घेतलं आणि खिडकी उघडी ठेवली, त्यातली गत. आणि त्या खिडकीत पॅकहाऊसची शेड उभी होती.

शेडमध्ये सिलिंडर उघडायचं काम तिचा धाकटा दीर करायचा. एकाच घरात राहायचे सगळे. अठरा वर्षं त्याने तोंडाला मुखवटा लावून तो गॅस सोडला होता. हल्ली त्याच्या बोटांना मुंग्या यायच्या, शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, पण तो विषय कुणी काढलेला त्याला खपायचा नाही.

गॅसऐवजी गरम वाफ देऊन अळ्या मारायच्या, असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी ठरवलं तेव्हा घरात वादाला तोंड फुटलं. फळ वाफेच्या खोलीत ठेवायचं, त्याचा गाभा सत्तेचाळीस अंशांवर न्यायचा, वीस मिनिटं तसाच राखायचा. फळ शिजत नाही, अळी मात्र मरते. पण हे कागदावर सिद्ध करायचं तर नियम कडक होता. तीस हजारांच्या वर अळ्या वाफेतून गेल्या पाहिजेत, आणि त्यांतली एकही जगता कामा नये. एक सापडली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

"वहिनी," दीर जेवताना म्हणाला, "तुमच्या माश्या माझ्या पोटावर बसायला निघाल्यात."

"भावजी, तुमच्या पोटाची काळजी मला नाही का?"

"आहे तर मग दुसरं काहीतरी पाळा. ससे पाळा."

जाऊबाई हसल्या. तो हसला नाही.

काम सुरू झालं. दर हप्त्याला अळ्यांनी भरलेली फळं वाफेत जायची. त्याच लॉटमधली काही बाजूला ठेवायची, त्यांना वाफ द्यायची नाही. त्यांतल्या अळ्या मोजून वाफेत किती गेल्या याचा हिशेब लागायचा. मग वाफवलेलं एकेक फळ कापून, गर पाण्यात सोडून, दिव्याखाली बघायचं. मेलेली अळी पांढरट, ढिली पडते. जिवंत असेल तर अंग आखडून घेते. माशीबाईला ते बघायला भिंग लागत नसे. प्रत्येक फळावर ती चिठ्ठी लावायची: कुठल्या क्रेटमधलं, क्रेट कुठे ठेवला होता. साहेबांना ही काटेकोरपणाची कमाल वाटायची.

पहिल्या खेपेला नऊ हजारांवर एक अळी आखडली. पुन्हा पहिल्यापासून. सहा महिने गेले. दुसऱ्या खेपेला मोजणी बावीस हजारांपर्यंत पोचली होती, साहेबांनी माल घेणाऱ्या देशाच्या खात्याला पाठवायच्या पत्राचा मसुदासुद्धा करून ठेवला होता, आणि त्या सकाळी तिच्या ताटलीत एक अळी हळूच वळली.

तिने सुरी खाली ठेवली आणि साहेबांना बोलावलं.

साहेबांनी ताटली उचलून दिव्याखाली धरली. वाईट माणूस नव्हता. दोन वर्षं त्यांनी वरच्यांची बोलणी खाल्ली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "बाहेर ठेवलेल्या फळांवर एखादी सुटलेली माशी बसली असेल. अंडी नंतर घातली असतील."

"साहेब, फळ वाफेतून काढून तीन दिवस झाले. ही अळी आठ दिवसांची आहे."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"मी पाळल्यात त्या."

साहेब खुर्चीत बसले. "बावीस हजार, बाई. आणि एक."

"एक म्हणजे एकच ना. पण उद्या तीच पेटी तिकडे उघडली तर लोक म्हणतील, वाफ खोटी, गॅसच खरा. मग शंभर वर्षं कुणी वाफेचं नाव काढणार नाही."

साहेबांनी मसुदा फाडला नाही. घडी घालून खणात ठेवला. वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, जिवंत, एक.

ती बाहेर येऊन पायरीवर बसली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी डोळे भरून आलेच. पलीकडून दीर शेडमधून येत होता. ती मनात म्हणाली, आता हा टोमणा मारणार. तो येऊन शेजारच्या पायरीवर टेकला.

"पुन्हा?" त्याने विचारलं.

"पुन्हा."

तो बोटं चोळत राहिला. "खरं सांगू वहिनी? तुम्ही हरलात की मला बरं वाटेल, असं वाटलं होतं. वाटत नाहीये." मग तिच्याकडे वळून, "कुठल्या जागेवरची होती?"

"दाराच्या डाव्या हाताला, सगळ्यात खालचा क्रेट."

"आणि मागच्या वेळची?"

ती उठली. आतून चिठ्ठ्यांची वही आणली, पानं उलटली. मागच्या वेळची अळीही दाराच्या डाव्या हाताच्या, खालच्याच क्रेटमधली होती.

दीर हसला. फार दिवसांनी हसला होता. "वाफ असो नाहीतर गॅस, कोपऱ्यात जायला कुणीच राजी नसतं. चला, दाखवा मला तुमची खोली."

वाफेच्या खोलीत तो पहिल्यांदाच पाय ठेवत होता. त्याने दाराच्या रबरावरून हात फिरवला, खाली वाकून जमिनीलगत गाल नेला, पंखा कुठे लावलाय ते बघितलं आणि च्च् केलं. "अहो, पंखा छताजवळ. गरम हवा वरच फिरत बसते. दाराशी गारवा आणि खालचे क्रेट जमिनीला चिकटलेले. आमचा गॅस जड, तो वरती कमी पडायचा, म्हणून आम्ही पंखा खाली लावून त्याला वर ढकलायचो. तुमची गरम हवा हलकी, तिला वरून खाली ढकला, पंख्याचं तोंड खाली दाराकडे करा. आणि तापमापक कुठे टोचता?"

"मधल्या क्रेटमध्ये."

"मधला तर लाडकाच असतो. त्याला कधी काही कमी पडत नाही."

त्या दिवशी त्यांनी वरच्या-खालच्या आठही कोपऱ्यांतल्या फळांत सुईचे तापमापक टोचले. बाकी सगळीकडे सत्तेचाळीस झाले. दाराच्या डाव्या कोपऱ्यात खाली त्रेचाळीसवर काटा अडून बसला. साहेबांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि दिराकडे वळून विचारलं, "तुम्ही इतके दिवस कुठे होतात?"

"शेजारच्या शेडमध्ये," दीर म्हणाला. "कुणी विचारलं नाही."

मिस्त्रीला बोलावून पंख्याचं तोंड खाली वळवलं, क्रेटखाली वीतभर उंचीची चौकट घातली, दाराचं रबर बदललं. आणि नियम केला: घड्याळ सुरू करायचं ते सगळ्यात थंड फळाचा गाभा सत्तेचाळीसला पोचल्यावर.

तिसऱ्या खेपेला तपासणी खात्याची तपासनीस बाई स्वतः येऊन बसली. कमी बोलणारी, पेन कानावर खोचणारी. वाफ देताना दीर हजर असायचा. कुणी नेमलं नव्हतं, आपणहून यायचा. दहा हजार झाल्या. वीस झाल्या. बावीस हजारांच्या त्या आकड्यावर पोचल्या त्या दिवशी फळं निवडणाऱ्या बायका दाराशी येऊन आत डोकावत उभ्या राहिल्या. अठ्ठावीस. शेवटच्या लॉटची ताटली पुसून माशीबाईने खाली ठेवली तेव्हा वहीत एकतीस हजार दोनशे सहा असा आकडा होता. त्याच्यासमोर जिवंतच्या रकान्यात शून्य.

तपासनीस बाईने प्रत्येक पानावर सही केली. बराच वेळ चाललं ते. मग पेन कानावर न खोचता खिशात ठेवून ती म्हणाली, "मी अकरा ठिकाणच्या चाचण्या बघितल्यात. जिवंत अळी सापडल्यावर स्वतः हाक मारून दाखवणारी जागा ही पहिलीच. पहिल्या दोन हरलेल्या वह्यांची नक्कलसुद्धा मला हवी. त्यांच्यामुळे या वहीवर विश्वास बसतो."

साहेबांनी खणातला घडी पडलेला मसुदा काढला आणि त्यातला आकडा बदलला.

चार महिन्यांनी वाफ दिलेली पहिली खेप जहाजावर चढली. तिकडच्या बंदरात त्यांनी शंभर फळं कापून बघितली आणि माल सोडला. निरोप आला तेव्हा दुपारच्या जेवणाची सुट्टी होती. साहेब डबा उघडाच टाकून धावत बाहेर आले, त्यांच्या हातात चमचा तसाच होता. बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी रिकाम्या क्रेटवर ताल धरला, आणि ज्यांना नाचता येत नव्हतं त्या जास्त नाचल्या.

त्याच आठवड्यात उरलेले सिलिंडर परत न्यायला ट्रक आला. दिराने प्रत्येकाची झडप तपासली, टोपणं घट्ट बसवली, आणि सगळे चढल्यावर ट्रकच्या मागच्या फळीवर दोन थापा मारल्या. आता वाफेच्या खोलीची जबाबदारी त्याच्याकडे होती, पगारात वाढ होती. घरी जाऊबाईंनी त्याच्या शर्टाची बटणं काढून दाबून बसणारे चाप लावून दिले होते, आणि तो ते सगळ्यांना कौतुकाने दाखवत होता.

पावसाळ्यानंतर दुसऱ्या पाच पॅकहाऊसची माणसं वाफेचं काम शिकायला आली. दीर त्यांना खोलीत घेऊन गेला. आधी त्याने सगळ्यांना ओणवं व्हायला लावून दाराच्या खालच्या कोपऱ्यावर हात ठेवायला सांगितलं. "हवा ओळखा," म्हणाला. "यंत्र नंतर."

बाहेर उभ्या असलेल्या माशीबाईला एका पाहुण्याने हळूच विचारलं, "हे साहेब कुठे शिकले?"

"घरचेच आहेत," ती म्हणाली. तिची मान ताठ झाली होती.