सात नंबरचं दार

दिशा सात नंबरच्या दारात मांडी घालून बसली, तेव्हा तिला कालव्याची चारी दिसली नाही. ती पुढे सरकली, मान लांब केली, शेवटी उंबऱ्याबाहेर तळहात टेकून वाकली. समोर वाळत घातलेली दोन लुगडी, उसाचं पाचट आणि बांधापर्यंतचं मोकळं रान. चारी होती ती घरांच्या पलीकडच्या अंगाला, जेमतेम पन्नास पावलांवर, काठोकाठ भरलेली.

"आजी, तुम्ही रोज इथंच बसता?"

"हितं बसते. मग उठून त्या अंगाला जाते. मग परत हितं," झुंबरबाई म्हणाली.

ही वीस घरं दिशाची, म्हणजे तिने आखलेली. पाथर्डीकडून श्रीगोंद्याच्या ऊसतोडीला येणारी ही मजुरांची टोळी आजवर पाचटाच्या कोप्यांत राहायची. पाऊस आला की भिजायचं, ठिणगी पडली की लेकरं उचलून पळायचं. पुण्यातली बंगल्यांची चांगली चाललेली कामं सोडून दिशा नगरच्या एका संस्थेत आली ती असल्याच माणसांसाठी घरं बांधायची म्हणून, आणि जीव ओतून बांधलीही. बायकांनी कडी लागणारं दार मागितलं, अंघोळीला कोपरा मागितला, समोरच्या दारातली नजर नको म्हणाल्या. दिशाने सगळं दिलं. पत्र्याच्या घरांच्या दोन ओळी, पाठीला पाठ लावून, दारं बाहेरच्या बाजूंना. नकाशावर वाऱ्याचे बाणसुद्धा काढले होते. कौतुक तर इतकं झालं की मुंबईहून माणसं फोटो काढायला आली आणि दिशा दिल्लीला जाऊन बक्षीस घेऊन आली.

बारा दिवसांपूर्वी झुंबरबाईची नात, वाल्मिक आणि सत्यशीलाची दीड वर्षांची कार्तिकी, त्या चारीत बुडाली. सकाळी दहाची वेळ होती. आईबाप फडात ऊस तोडत होते.

अपघाताचा अहवाल लिहायला दिशाला पाठवलं होतं. "सांभाळणाऱ्या बाईकडून कुचराई झाली, असं स्वच्छ लिही," संस्थेचे ओंकारसर फोनवर म्हणाले होते. "पुढची चाळीस घरं अडायला नकोत." नगरहून येताना गाडीत तिने पहिलं वाक्य लिहूनही टाकलं होतं.

"कोप्या होत्या तेव्हा कुठं बसायचात?"

झुंबरबाईने बोटाने मातीत गोल काढला. "अशा गोल कोप्या. समद्यांची तोंडं आत. मधी मी बसायचे, ज्वारी निवडीत. टोळीची अकरा लेकरं. मान फिरवली का समदी दिसायची."

"आणि आता?"

"आता निम्मी या अंगाला, निम्मी त्या. फेऱ्या मारते. गुडघं साथ देत न्हाईत." ती थांबली. "त्या दिशी टोळीतल्या श्रीमंतचं पोरगं हितं दारात पडलं. नाक फुटलं त्याचं. मी रगत पुशीत हुते, आन् ही कवा पलीकडं गेली..." तिने पदराचा बोळा तोंडावर धरला. "माजीच नजर हुकली, बाई. सून बोलत न्हाई माज्याशी. बरुबर हाय तिचं. तिच्या जागी मी आसते तर मी बी बोलले नसते."

दिशा मातीतल्या त्या गोलाकडे बघत राहिली. गेल्या वर्षी ती सहा वेळा वही घेऊन इथे आली होती आणि सहाही वेळा संध्याकाळी, कारण बायका तेव्हाच भेटत. दारादारात चुली पेटलेल्या असत, लेकरं आयांच्या मांडीवर असत. या वस्तीतले सकाळचे दहा तिने कधी पाहिलेच नव्हते. तिला रडू आलं, पण इथे आपण कोणत्या तोंडाने रडायचं, असं वाटून तिने ते गिळलं.

ती गेली नाही. दुपारपर्यंत दहा लेकरांमागे झुंबरबाईबरोबर फेऱ्या मारत राहिली. तिचे गुडघे धड होते, डोळेही. तरी तीन वेळा कुणी ना कुणी नजरेआड झालंच.

ऊस गाडीत भरून टोळी परतली. सत्यशीला सगळ्यांच्या मागून आली, हातात कोयता, पदर छातीशी घट्ट आवळलेला. दिशा तिच्या वाटेत उभी राहिली.

"सत्यशीलाताई, घरांच्या या ओळी मी आखल्या. तुमच्या दारातून चारी दिसत नाही. तिथं कुणीही बसलं असतं तरी दिसली नसती. आज मी स्वतः सांभाळून बघितलं. आजींची चूक नाही. चूक माझी आहे."

सत्यशीलाने कोयता खाली ठेवला.

"तुमी आमाला लई इचारलं हुतं, मॅडम," ती म्हणाली. "दार कसं पायजे, कडी कशी पायजे. आमी फडात गेल्यावर कदी आल्ता का हितं?"

"नाही."

"येक डाव बी?"

"नाही."

सत्यशीलाने आरडाओरडा केला असता, शिव्या घातल्या असत्या, तर दिशाला बरं वाटलं असतं. ती नुसती बाजूने निघून सात नंबरमध्ये गेली, फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन आली आणि सासूच्या पुढ्यात बसली. अर्धी मोडून तिने झुंबरबाईच्या हातावर ठेवली.

"आत्या, खावा."

बारा दिवसांत ती सासूशी पहिल्यांदा बोलत होती. म्हातारीला घास काही तोंडापर्यंत नेता येईना.

दिशा घराला पाठ टेकून खाली बसली. तिने वही उघडली. 'झुंबरबाई यांच्याकडून कुचराई झाली.' तिने 'झुंबरबाई यांच्या'वर रेघ मारली आणि वर 'माझ्या' लिहिलं.

तेवढ्यात श्रीमंतचं पोरगं घरांच्या कोपऱ्यावरून पलीकडे वळलं, आणि तिघीही एकदम उठल्या.