रुबिडियमचं कार्ड

जयवंतीने आलेखावर तिसऱ्यांदा पट्टी ठेवली. शेवटाकडची रेघ अजूनही खालीच होती.

अणुभट्टीत युरेनियम फुटलं की त्याचे शेकडो जातींचे तुकडे होतात आणि ते शांत होता होता प्रतिन्यूट्रिनो सोडतात. कोणत्या ऊर्जेचे किती, याची बेरीज जयवंतीचा प्रोग्रॅम करायचा. एका तुकड्याला भोकं पाडलेलं एक पंचकार्ड, अशी चारशे बारा कार्डं तिने स्वतः पंच केली होती. आता वरच्या ऊर्जेचे प्रतिन्यूट्रिनो कमी भरत होते. छापून आलेली यादी तिने वहीशी ताडून पाहिली. रुबिडियम-९२ हा तुकडाच गायब! कार्डांच्या डब्यातही ते नव्हतं.

कार्डाला काही पाय फुटत नाहीत.

गेल्या सोमवारी डबा संगणक केंद्राच्या खिडकीपर्यंत नेला होता प्लासिडने. होळी गावचा प्लासिड, संशोधन संस्थेत तिच्या समोरच्याच टेबलावर बसणारा. मोजमापासाठी भट्टीवर दोघांपैकी एकालाच पाठवायचं होतं. डबा उचलताना तो म्हणालाही होता, "बाय, यातलं एखादं कार्ड मी खाल्लं तर तुला कळेल तरी का?"

तेव्हा ती हसली होती. आता मात्र त्याची एकेक गोष्ट तिला खुपू लागली. गुरुवारी तो लवकर का गेला? निकाल कसा आला, हे त्याने विचारलं कसं नाही? संशयाला एकदा जागा दिली की तो पाय पसरतो. शनिवारी तिने दोघांचे मार्गदर्शक असलेल्या सरांना सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. "उद्या नाही, परवा विचारतो त्याला. खरं निघालं तर भट्टी राहू दे, इथली जागाही जाईल त्याची."

रविवारी निर्मळ गावी घरी तिचे वडील, दिनानाथ, पडवीत विड्याच्या पानांच्या चळती घेऊन बसले होते. एकेक पान उलटत होते, डाग दिसला की बाजूला टाकत होते. जयवंती समोर बसून नुसतीच बघत होती.

"तोंड का पाडलंस गं?"

"काही नाही, बाबा. माझं एक कार्ड कुणीतरी काढलंय."

"ते होय? मीच काढलं."

जयवंतीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"मागल्या रविवारी डबा आत गारव्याला ठेवला होतास ना, पानांपाशी? म्हटलं, पोरीने आठवडाभर हात लावला नसेल. फिरवली सगळी. एकाला बुरशीचा ठिपका होता."

"आणि ते काढून टाकलंत?"

"मग ठेवतात? पान का सडलं, तर फिरवलं नाही म्हणून. लहानपणी घोकलं होतंस की! एक राहिलं तर बाकीच्यांना खाईल." ते जरा दुखावून म्हणाले, "बाकी क्रम नाही हो मोडला तुझा."

कार्ड पंचांगात होतं, खूण म्हणून घातलेलं. माथ्यावर छापलेली रुबिडियमची अक्षरं, कोपऱ्यात करडा ठिपका. भोकं सगळी शाबूत होती.

तिने सायकल काढली ती थेट होळीला. प्लासिड वांग्यांच्या वाफ्यात पाणी वळवत होता. धापा टाकतच तिने कार्ड त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. तो फावडं टेकवून आधी पोटभर हसला.

"म्हणजे तुझ्या बाबांनी रुबिडियम नासकं ठरवलं!"

"प्लासिड, मी सरांना तुझं नाव सांगितलंय. कालच."

त्याचं हसू गेलं. वाफा भरून पाणी वाटेवर आलं, तरी तो हलला नाही.

"माझ्या एका थट्टेवरून?"

"हो."

"डबा दिलास तेव्हा कार्डं मोजली होतीस?"

बेरजेच्या चौथ्या दशांशासाठी भांडणाऱ्या जयवंतीला 'नाही' म्हणावं लागलं. मोजली नव्हती. घरून आलेल्या डब्यावर कोण संशय घेतं?

"मग उद्या कालच्यासारखंच सांग सरांना," तो कार्ड परत करत म्हणाला. "तेवढ्याच खात्रीने. आणि माझ्यासमोर."

सोमवारी तिने सांगितलं. पंचांग, बुरशी, न मोजलेला डबा, काही वगळलं नाही. सरांनी भट्टीवर पाठवायच्या कागदावर प्लासिडचं नाव लिहिलं. तिला वाईट वाटलं, पण ते चूक आहे असं काही वाटलं नाही.

रुबिडियमचं नवं कार्ड पंच करून तिने डबा प्लासिडसमोर ठेवला.

"मोज," ती म्हणाली.

"तूच मोज, बाय," तो म्हणाला. "मी बघतो."