बगळ्याचा अर्धा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना पितळी शिक्का आहे. खरं सांगायचं तर अर्धाच आहे. माझ्यावर एका बगळ्याचे दोन पाय आणि त्याखालचं थोडंसं पाणी कोरलेलं आहे. चोच, मान, पंख माझ्या दुसऱ्या अर्ध्यावर गेले आणि तो अर्धा आता मातीखाली आहे. सध्या माझा मुक्काम सुयांच्या डब्यात असतो. इथे कोणी माझ्याशी बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

एअर नावाच्या गावातल्या एका कासाराने मला ग्लेनकार्नच्या सरदार एवेनसाठी घडवलं. बगळा हे त्याच्या घराण्याचं चिन्ह. कडेने गोल अक्षरं कोरली होती, 'एवेनचा शिक्का'. गरम मेणावर मला दाबलं की जमिनी इकडच्या तिकडे व्हायच्या, लग्नं ठरायची, भांडणं मिटायची. मी दिसायलाही देखणा होतो, उगाच कशाला लाजू?

आमच्याकडे एक रीत आहे. सरदार वारला की त्याचा शिक्का शवपेटीपाशी नेऊन घणाने फोडायचा. मेलेल्या माणसाच्या नावाने कोणी काही लबाडी करू नये म्हणून. एवेन गेला तेव्हा घण त्याच्या मुलाच्या, गिलब्राइडच्या हातात होता. वय वीस. सगळे बघत होते. त्याने घण उचलला आणि मला बाहीत सरकवून ऐरणीवर दुसराच एक पितळेचा तुकडा ठेवला. ठण्ण आवाज झाला. लोकांनी टोप्या घातल्या आणि जेवायला गेले.

"बाबांचं एवढंच राहिलंय माझ्याकडे," तो मला नंतर म्हणाला. त्या दिवसापासून तो मलाच वापरू लागला. नवा शिक्का घडवलाच नाही. अक्षरं? ती वाचता येणारी माणसं आमच्या खोऱ्यात दोनच, आणि त्या दोघांना नेहमी जेवणाची घाई. बाकी सगळे बगळा बघायचे आणि मान डोलवायचे.

घरात केनोख नावाचा एक म्हातारा भाट होता. सणासुदीला जेवणं झाली की तो उभा राहून वंशावळ म्हणायचा. "फेरखारचा मॉर्गंड, मॉर्गंडचा एवेन, एवेनचा गिलब्राइड, गिलब्राइडचे डंगाल आणि निनियन." पुढे इंग्रजांशी लढताना नदी पार करायच्या एकाच उतारावर डंगाल आणि निनियन दोघेही पडले. त्यांची आई त्याच वर्षी गेली. त्यानंतर केनोख "एवेनचा गिलब्राइड" इथपर्यंत यायचा आणि खाली बसायचा. मग सगळे ओटाच्या भाकरीकडे बघत बसायचे.

गिलब्राइड फार एकटा पडला. दिवसचे दिवस तो मला मुठीत धरून खिडकीशी बसायचा. त्याचा अंगठा फिरून फिरून बगळ्याचा डोळा झिजला. मी त्याच्याजवळ होतो, पण पितळेला बोलता येत नाही, मित्रांनो. तेवढंच दुःख मला आजही आहे.

एक मुलगी उरली होती, मरिओटा. जमीन तिला मिळावी एवढीच त्याची इच्छा होती. पण त्याच्या भावाचा मुलगा ड्यूगल जमिनीवर डोळा ठेवून होता. दर आठवड्याला यायचा. "काका, तब्येत कशी आहे?" विचारायचा आणि उत्तर न ऐकता कुरणं बघायला जायचा.

"गिधाड बरं," मरिओटा म्हणायची. "ते निदान मरेपर्यंत थांबतं."

हेमंतात गिलब्राइडने सनद लिहून घेतली आणि मला मेणावर दाबलं. मग लोकांनी त्याला खुर्चीसकट उचलून शेतात नेलं. तिथे शेजाऱ्यांसमोर त्याने मूठभर माती आणि एक दगड मरिओटाच्या ओंजळीत ठेवला. आमच्याकडे जमीन अशीच देतात. थंडी संपायच्या आत तो गेला.

वसंतात टेकडीवर न्यायसभा भरली. ड्यूगलने सनद मागितली आणि सोबत आणलेल्या मठातल्या साधूला मेणावर उमटलेली माझ्या कडेची अक्षरं मोठ्याने वाचायला लावली.

"एवेनचा शिक्का," साधू म्हणाला.

"ऐकलंत?" ड्यूगल ओरडला. "एवेन आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली. त्यांनी काय कबरीतून हात बाहेर काढून शिक्का मारला? सनद खोटी आहे!"

लोक हसले. मरिओटा पांढरीफटक पडली. तिला वाचता येत नव्हतं आणि बापाने कधी सांगितलंही नव्हतं. न्यायाधीशाने सनद बाजूला सारली. मी तिथेच तिच्या कमरेच्या पिशवीत होतो. ज्या मुलीसाठी त्याने मला दाबलं, तिचंच घर मी बुडवत होतो. लाज वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात केनोख काठी टेकत उठला. "ड्यूगल, बाळा, एक सांग. शेतात माती देताना काकांचा हात लटपटत होता ना?"

"होता. मग?"

"मग तो कोपराशी कोणी धरला होता?"

ड्यूगलनेच धरला होता. सनद खोटी पाडायची त्याने आधीच ठरवलं होतं, म्हणून माती-दगड त्याला पोरखेळ वाटला होता. वर भलेपणा दाखवायला पुढेही झाला होता.

"अरे, तूच तर जमीन दिलीस तिला!" कोणीतरी मागून ओरडलं, आणि या वेळी टेकडीभर हशा पिकला. पंधरा शेजारी साक्षीला उभे राहिले. माती सगळ्यांसमोर दिली होती, मग सनदेची गरजच उरली नाही. जमीन मरिओटाची झाली.

ती तशीच उठून बापाच्या कबरीपाशी गेली. लोहाराकडून घण मागून घेतला. मला दगडावर ठेवलं आणि ती रडू लागली. "बाबा, तुम्हाला हे जमलं नाही. मला तरी कुठे जमतंय?" पण तिने घाव घातला. मला दुखलं नाही, खरंच. वाटलं, चला, सुटलो. वरचा अर्धा तिने त्याच्या कबरीत पुरला आणि खालचा स्वतःकडे ठेवला. पुढे तिने नवा शिक्का घडवून घेतला. बगळा तोच, पण नाव मरिओटाचं.

पुढच्या सणाला केनोख उभा राहिला. "एवेनचा गिलब्राइड," म्हणाला आणि सवयीने खाली बसू लागला. मग परत सरळ झाला. "गिलब्राइडची मरिओटा." त्याच्या वंशावळीत मुलीचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

मरिओटाही आता नाही. हा सुयांचा डबा तिच्या नातीचा आहे. तिला मी कोण ते माहीत नाही. ती माझ्यावर दोरा गुंडाळते.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या वस्तू जपा, जरूर जपा. पण जे फोडायचं असेल ते वेळेवर फोडा, नाहीतर ते काम रडत रडत तुमच्या मुलांना करावं लागतं. आणि घरात कोणी म्हातारं माणूस एखादी वस्तू मुठीत धरून खिडकीशी बसलेलं दिसलं, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तुम्हाला बोलता येतं.